स्वस्त मशीन आणि तक्त्याची शेवटची ओळ

३ जानेवारी
पाट्यांची अक्षरं कापायचं नवीन मशीन घ्यायचंच. जुनं मेलं. बायकोने तिची एफडी मोडायला होकार दिला. म्हणाली, घ्यायचं तर चांगलंच घे, पुन्हा मोडायला माझ्याकडे दुसरी एफडी नाही. चांगलंच घेणार. मी काय मूर्ख आहे?

५ जानेवारी
शी! बायकोला घेऊन शोरूममध्ये जाऊन आलो. किंमत ऐकून तोंड कडू झालं. सेल्समनला विचारलं, आत सोनं भरलंय का? म्हणे मोटर चांगली आहे, दहा मीटर कापलं तरी अक्षर सरकत नाही, बिघडलं तर दुसऱ्या दिवशी माणूस येतो. मोठी दुकानं पाच-पाच मशीन उचलतात, त्यांना सूट. मला एकच हवं, म्हणून पूर्ण किंमत. म्हणजे लहान माणसालाच सोलायचं! वर गोड चहा पाजतात. वीट आला.
महागड्या आणि स्वस्त मशीनवर कापलेले नमुने दाखवले. काडीचा फरक नाही. बायकोला म्हणे लगेच दिसला. तिला काय, दोन सारख्या पडद्यांतही फरक दिसतो.

८ जानेवारी
ऑनलाइन मागवलं. एक तृतीयांश किमतीत! उरलेल्यात दुकानाला एसी. बायकोला संध्याकाळी सांगेन, मूड बघून.

९ जानेवारी
मूड नव्हता. तरी सांगितलं. आता माझाही नाही.

१७ जानेवारी
डोळ्यांच्या डॉक्टरांची ऑर्डर! आधी एक डोळे तपासायचा तक्ता, काचेवर अक्षरं चिकटवून. पसंत पडला तर त्यांच्या पाचही दवाखान्यांच्या पाट्या आपल्याच. एफडी व्याजासकट परत भरेन, असा बायकोला शब्द दिला. ती भाजी चिरत राहिली. विश्वास बसला असावा.

१९ जानेवारी
मशीन खरखर करतं. दमदार आवाज आहे. वरच्या मोठ्या ओळी झकास. शेवटची बारीक ओळ जरा हट्टी निघाली. बायको म्हणाली, ‘ब’च्या पोटातली रेघ फाटलीय, ‘क्ष’चा नुसता गोळा झालाय, पुन्हा काप. तीनदा कापली. तीनदा तेच, म्हणे. मला तर बरी वाटली. आणि शेवटची ओळ वाचतं कोण? तक्ता देऊन आलो.

२६ जानेवारी
डॉक्टरांचा फोन. आठवडाभर एकालाही शेवटची ओळ वाचता आली नाही, तरण्याताठ्यांनाही नाही. मी म्हटलं, मोबाइल! दिवसभर डोळे फोडून घेतात आणि खापर आमच्या तक्त्यावर. किळस येते या लोकांची. उद्या स्वतः जाऊन वाचून दाखवतो.

२७ जानेवारी
बायकोही बरोबर आली. नको म्हणत होतो.
शेवटची ओळ घडाघडा म्हटली. एक चूक नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच कापलीत, पाठ असणारच. मग त्यांनी दुसरा तक्ता लावला, माझ्या दुकानासमोरच्या पाटीवाल्याने करून दिलेला. शेवटची ओळ दिसेना. तिच्या वरचीही. तिच्याही वरची. म्हटलं, तक्ताच पुसट आहे. बायकोने दारातून सगळा वाचला.
लांबचा नंबर निघाला, जवळचाही. डॉक्टरांनी तपासणीची फी घेतली नाही. हरामखोर, दया दाखवतात!

३१ जानेवारी
चष्मा आला. लावून बाजारात एक फेरी मारली. माझ्याच पाट्या बघितल्या. शी, शी, शी! अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. आणि मी खाली नाव टाकलंय, फोन नंबरासकट. लोक इतके दिवस काहीच कसे बोलले नाहीत? बायको बोलत होती म्हणा.

४ फेब्रुवारी
पाचही दवाखान्यांच्या पाट्या समोरच्या पाटीवाल्याला गेल्या. त्याला हात कमी पडतायत, म्हणून बायको आजपासून त्याच्याकडे कामाला जाते. एफडी तिची तीच भरणार.
संध्याकाळी आली. न राहवून विचारलं, त्याचं ते शोरूममधलं महागडं मशीन कसं आहे? म्हणाली, मशीनकडे दिवसभर लक्षच गेलं नाही, नुसतं काम झालं.