मागची खोली नक्की कोणाची?

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र लिहायला मला तुझ्या पलंगाने भाग पाडलं आहे. तुझी प्रकृती उत्तम असेल असं धरून चालते (नसली तर आधी थोडं पाणी पी, मग पुढे वाच). तुझ्या बायकोची कंबर आता कशी आहे ते तिला स्वतः लिहायला सांग. तू लिहिलंस की जगात सगळं ठीकच असतं. इकडे मी फार मजेत आहे. मजेत म्हणजे काय, मी जिंकले आहे. पण सगळं क्रमाने सांगते, कारण शेवट आधी कळला की तू मधलं वाचत नाहीस, आणि या प्रकरणातलं मधलं सगळं तुझंच आहे.

मागच्या महिन्यात करखात्याचं पत्र आलं. मी मागच्या खोलीत पडदे शिवते हे तुला ठाऊक आहे. घरभाड्यातला आणि विजेच्या बिलातला त्या खोलीचा वाटा मी धंद्याचा खर्च म्हणून दाखवते आणि उरलेल्या कमाईवर कर भरते. नियम सरळ आहे: जागा धंद्यासाठी वापरली तर खर्च धरायचा, घरासाठी वापरली तर तेवढा वगळायचा. (इतका सरळ नियम लोकांना अवघड का जातो ते मला अजून कळलेलं नाही. कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्र होतं. तिथे याहून अवघड गोष्टी पहिल्याच आठवड्यात झाल्या होत्या.) तर पत्रात लिहिलं होतं की तपासनीस स्वतः येऊन खोली पाहतील, कारण त्याच खोलीवर ‘अन्य एका करदात्याचाही दावा’ आहे. तुझे भावजी ते वाचून खालीच बसले. त्यांच्या मते अन्य करदाता म्हणजे घरमालक. आमच्या हिशेबनीसांच्या मते चूक संगणकाची. मी फक्त एकदा त्या खोलीतल्या तुझ्या पलंगाकडे पाहिलं.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. खोली माझ्या धंद्याची नाही असं ठरलं असतं तर तीन वर्षांचा कर दंडासकट भरावा लागला असता, आणि तो भरायला माझ्याजवळ विकण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे जाड कापड शिवायचं नवं मशीन. ते गेलं की सभागृहाच्या पडद्यांचं काम गेलं. ते काम मिळवायला मी वर्षभर खेपा घातल्यात. ते गेलं असतं तर उरलेलं आयुष्य मी स्नानघराच्या खिडक्यांना झालरी लावत बसले असते.

भावजींनी पलंग रातोरात गच्चीवर न्यायचं ठरवलं. पलंग दारातून निघेना. (तू आणलास तेव्हा खिडकीचे गज काढून आत घेतला होतास आणि नंतर ते तसेच बसवून तू गावी निघून गेलास, हे आम्ही सगळे विसरलो होतो.) मग हिशेबनीसांनी सुचवलं की पलंगापुढे एक पडदा सोडावा, म्हणजे तपासनिसांना तो दिसणार नाही. मी म्हटलं, जन्मभर लोकांना पडदे शिवून दिले ते आता स्वतः त्यांच्यामागे लपायला नव्हे. खोली आहे तशी दाखवायची. विचारतील त्याला खरं उत्तर द्यायचं, आणि विचारणार नाहीत तेही सांगायचं. भावजींना मी बजावलं की तुम्ही मात्र तोंड उघडायचं नाही.

तपासनीस बाई ठरल्या वेळेला आल्या. माझ्याच वयाच्या, पाठीचा कणा ताठ, चप्पल दाराशी सरळ रेषेत काढून ठेवणाऱ्या. मला बाई तिथेच आवडल्या. त्यांनी मशीन पाहिलं, कापायचं टेबल मोजलं, कापडाचे गठ्ठे, रिंगा, आकडे, अस्तराचे तुकडे, सगळं पाहिलं. मग हातातला कागद पाहून विचारलं, ‘‘आणि सल्ला केंद्र कुठे आहे?’’

‘‘कसलं केंद्र?’’ भावजी म्हणाले. (तोंड न उघडण्याचा माझा हुकूम त्यांनी पाळला तो इथपर्यंतच.)

बाईंनी वाचून दाखवलं. लघुउद्योजकांसाठी व्यवसाय सल्ला केंद्र. स्वतंत्र कार्यालय, बैठकीची सोय, वर्षभर दररोज वापर. पत्ता आमचा, खोली मागची, आणि खाली तुझी सही. धाकट्या, ती सही मी शंभर सह्यांत ओळखेन. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची म्हणून तू करायचास तीच ती, फक्त आता तुझ्या नावाची. तुझ्या भाड्याच्या घरात धंदा चालवायला मालकाची मनाई आहे हे मला माहीत आहे. म्हणून तू ताईची खोली ती आपलीच खोली असं धरलंस. लोकांना धंदा कसा करावा याचे सल्ले देणारा माणूस हे करतो! तुझ्या गिऱ्हाइकांची मला मनापासून काळजी वाटते.

‘‘बैठकीची सोय ती हीच का?’’ असं म्हणून बाई तुझ्या पलंगावर बसल्या.

आणि ताबडतोब उठल्या.

आता तुला एक गोष्ट सांगणं भाग आहे. लांब पडद्याच्या चुण्या धरायच्या तर टेबल पुरत नाही, म्हणून मी तो तुझ्या पलंगावर पसरते. चुणीगणिक टाचणी लावावी लागते, आणि काढलेली टाचणी खोचून ठेवायला गादीच्या कडेइतकी सोयीची जागा दुसरी नाही. काही टाचण्या आत जातात. काही आतून पुन्हा वर येतात. तू दर खेपेला इथले डास फार विषारी म्हणून तक्रार करतोस, मच्छरदाणी काय आणलीस, अंगाला ते वासाचं तेल काय चोपडलंस. पण डास चादरीच्या खालून कसा चावेल असा प्रश्न तुला पडला नाही. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.

बाईंनी टाचणी काढून टेबलावर ठेवली, कोर्टात पुरावा ठेवतात तशी. ‘‘इथे दररोज कोणी बसतं असं मी लिहू शकत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसून पाहिल्यावर तर नाहीच नाही.’’

मी जिंकलेच होते, तेवढ्यात भावजींना सत्याची उबळ आली. म्हणाले, ‘‘बसत कोणी नाही हो, पण आमचा मेहुणा झोपतो!’’

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मशीन विकायला काढलेलं मला डोळ्यांपुढे दिसलं. पण मी शांतपणे म्हटलं, ‘‘झोपतो. त्या रात्री वजा केल्यात.’’ आणि तिन्ही वर्षांचे कागद पुढे ठेवले. तुझ्या मुक्कामाची प्रत्येक रात्र मी त्या खोलीच्या खर्चातून कमी केलेली आहे, तू रात्रभर लावून ठेवतोस त्या पंख्यासकट. मागच्या वर्षी नऊ रात्री. (दहावी तू बाहेरच्या खोलीत काढलीस. डासांमुळे.) बाईंनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, ‘‘भाऊ झोपला म्हणून स्वतःचा खर्च कमी दाखवणारं माणूस माझ्या नोकरीत मी आज पहिल्यांदा पाहिलं.’’ मी म्हटलं, नियम तसाच आहे. त्या म्हणाल्या, नियम तसाच आहे हो, पण.

जाताना त्यांनी हिरव्या जाड कापडाचा भाव विचारला. मी सांगितलं, निकाल लागेपर्यंत तुम्हाला भाव सांगणार नाही. बाई पहिल्यांदाच हसल्या.

निकाल काल आला. दावा पूर्ण मान्य! खोली माझी, तिन्ही वर्षं माझी, दंड शून्य. शिवाय पलंगाची नोंद ‘कापड पसरण्याचा मंच’ अशी झाली असून त्याची झीज आता मला दरवर्षी खर्चात धरता येईल. भावजींनी तो कागद शेजाऱ्यांना, घरमालकाला आणि एका अनोळखी फेरीवाल्याला वाचून दाखवला. मी सभागृहाचा पहिला पडदा कापायला घेतला. कात्री अशी चालली की विचारू नकोस.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. घरी सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. करखात्याचं पत्र तुझ्याकडे निघालेलं आहे. ते पोचायच्या आत आपणहून चूक दुरुस्त करणाऱ्याला दंड लागत नाही. तुझं दुरुस्त केलेलं विवरणपत्र हिशेबनीसांकडून करून घेऊन सोबत पाठवते आहे. सही कर आणि आजच्या आज भर. उद्या नव्हे. तुझा उद्या मला माहीत आहे.

ता. क. २. आता मुख्य काम. सभागृहाचे पडदे टांगायला उंच, बिनकामाचा आणि विश्वासू माणूस हवा आहे. विश्वासाचं मी पाहून घेईन. बाकी दोन्ही गुण तुझ्यात आहेत. पुढच्या महिन्यात ये. मजुरी देईन, पावती घेईन, आणि ते उत्पन्न तू दाखवशील. झोपायची सोय बाहेरच्या खोलीत, भावजींच्या शेजारी. त्यांचं घोरणं वाढलं आहे, पण डास नाहीत.

ता. क. ३. टेम्पोवाल्याच्या हाती सुपूर्द केलेल्या वस्तू: गादी एक (सापडल्या तेवढ्या टाचण्या काढून), उशी एक, मच्छरदाणी एक, वासाच्या तेलाची अर्धी बाटली, आणि पलंगाखाली सापडलेली, माझा पत्ता छापलेली तुझी व्हिजिटिंग कार्डं, खोका न फोडलेला (नमुना वरच चिकटवलेला होता). मोजून घे आणि पोच टेम्पोवाल्याजवळच दे.

पलंग दिलेला नाही. तो आता अवजार आहे.