सतरा बघे

प्रिय बाळ्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण अकरा महिने तू तो उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी नुसती रडत बसेन. म्हणून हा कागद.

आधी बातमी. हसू नकोस हं. मी फोनवर शिवणकामाचं लाइव्ह करते! हो, तीच मी, जिनं तुझ्या गेम खेळत गप्पा मारण्याच्या कामाला कॅमेऱ्यापुढची भीक म्हटलं आणि तू बॅग भरलीस. तू गेल्यापासून डोक्यात एकच किडा वळवळत होता. फुकट बघायला मिळतं, तरी लोक खिशात हात का घालतात? विचारायला तू नव्हतास. म्हटलं, करूनच बघू.

मावशीनं फोन शिलाई मशीनला टेकवून दिला. आठवडाभर दोनच बघे होते, एक मावशी आणि दुसरी मीच, बाबांच्या फोनवरून. मग वाढत वाढत सतरा झाले. आणि गंमत सांगू? मी झोकात नवी बाही जोडते तेव्हा कुणी ढुंकून बघत नाही. पण चुकलेली शिवण उसवायला बसले, एकेक टाका ब्लेडनं तोडत, की फोन टुणटुण वाजतो आणि पैसे येतात! काय ही उलटी दुनिया, बाई! राहवेना, शेवटी एकीला विचारलंच. ती नर्स आहे. म्हणाली, दिवसभर हातून काही चुकू नये म्हणून जीव टांगणीला लागलेला असतो. इथे कुणीतरी चुकतं आणि न चिडता नीट करतं, ते बघून बरं वाटतं. तुलाही लोक असंच काही सांगत असतील ना रे? मी कधी विचारलंच नाही.

परवा दुपारी काम आटोपलं आणि मशीनवर कव्हर घातलं. आत फोनही गेला. अंधार केला की दुकान बंद, एवढीच माझी अक्कल! मावशी शेजारी बसली होती. तिला म्हणाले, पोराच्या कष्टाची मला काडीची कल्पना नव्हती, तरी नको ते बोलले. माझीच मेली जीभ! त्याच्या खोलीचं दार अजून मला लावून घेववत नाही. बोलता बोलता हुंदके देऊन रडले. तेवढ्यात कव्हरातून टुणटुण सुरू झालं. फोन काढून बघते, तर लाइव्ह चालूच, आणि सतराच्या सतरा तिथेच! नर्सनं एवढंच लिहिलं होतं, की काकू, हे त्याला सांगितलंत का?

नव्हतं सांगितलं. सतरा परक्यांनी ऐकलं, आणि ज्याला सांगायचं तो तेवढा राहिला. म्हणून लिहायला बसले. मी चुकले रे, बाळ्या.

तुझीच,
तोंडाळ आई