लांब केबल

प्रिय ठिणगे,

आधी बातमी वाच, मग हवं तेवढं घाबर. बाबांच्या छातीत पेसमेकर बसवायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी काल सांगितलं. कसला पेसमेकर, म्हणून ओरडशील. ओरडून झालं की पुढे वाच.

तू सुट्टी संपवून गेलीस आणि थोड्याच दिवसांत बाबा दुकानात स्टुलावरून घेरी येऊन पडले. मग पुन्हा एकदा तसंच. ठोके मधेच मंदावत असतील तर यंत्र बसवावं लागेल, असं बाई म्हणाल्या. मोटार वाइंडिंगमध्ये हयात गेलेल्या या माणसाने एवढंच विचारलं, की मग लेकीबरोबर बनवायच्या टेस्ला कॉइलजवळ उभं राहता येईल का. हवेत ठिणग्या उडवणारं यंत्र आहे म्हटल्यावर बाई म्हणाल्या, त्याच्या आसपासही फिरकायचं नाही.  रिक्षात बाबांनी मला तंबी दिली, तुला कळवायचं नाही.

मला वाटलं, आता हे खूळ सुटेल. कसलं काय! इकडे तपासण्या, तिकडे सामानाची निवड. एनॅमलची बारीक तार आणली, चिमटीतून ओढून पाहिली, एका जागी मुलामा उडालेला लागला म्हणून अख्खं रीळ परत. दुकानदाराने हात जोडले. नव्या रिळाच्या वेळी तार गुंडाळायला मी प्लास्टिकचा पाइप फिरवायची आणि ते तार धरायचे. वेढ्याला वेढा चिकटला पाहिजे, पण एकावर एक चढायचा नाही. एक चढला, तर मी आमटीत मीठ विसरल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. बाहेरच्या वेढ्यांना फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी आणली. वीज साठवणारा कपॅसिटर एकच मोठा नको, लहान लहान ओळीने जोडू, सगळा ताण एकट्यावर आला की तो जातो, म्हणाले. हे जरा स्वतःलाही सांगा, म्हटलं. ठोके नोंदवायची डबी छातीला लावली, तर तिच्या तारांची जोडणी कच्ची आहे, असं नर्सला ऐकवून आले.

आणि स्विचसाठी आणली भलीमोठी लांब केबल. खोलीतून निघून रस्त्यापलीकडच्या भिंतीपर्यंत पोचेल एवढी. कशाला, ते मी विचारलं नाही. पेसमेकर बसलाच, तर तू खिडकीशी कॉइल बघत आणि हे रस्त्यापलीकडे, पण निदान स्विच तरी आपल्या हातात राहावा. मला फार वाईट वाटलं गं.

काल निकाल आला. हृदय ठणठणीत आहे, रक्तदाबाची गोळीच जास्त जोराची होत होती. ती कमी केली. मी दवाखान्याच्या जिन्यातच बसकण मारली. घरी आल्यावर बाबांनी चपलाही काढल्या नाहीत. कटर उचलला आणि ती केबल कापली. आता ती खोलीतल्या समोरच्या भिंतीपर्यंतच येते, तिथे त्यांनी दोन खुर्च्या मांडल्यात. फोनवर सांगताना मी रडले असते आणि तुला भलतंच वाटलं असतं, म्हणून हे पत्र. तिकडची कामं उरक आणि ये. एका खुर्चीत बाबा सकाळपासून बसून आहेत. दुसरीवर मला बसू देत नाहीत.

तुझीच,
आई