त्याच्या पिशवीत टाकलेले कुलूप

मी, वय वर्षे बाहत्तर, धंदा लिफ्टदुरुस्ती, आता निवृत्त, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचेही दडपण नाही असे लिहायला वकीलबाईंनी सांगितले. माणसाचे नाही, एवढे मी लिहू शकतो. यापूर्वी कधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, दोन खोल्या आणि बाल्कनी, माझ्या मुलीला. न्हाणीघराचा नळ अर्धा फेराच फिरवावा. जावयाने जोर लावू नये. त्याने हात लावलेली वस्तू पुन्हा धड झाल्याचे मला आठवत नाही. माणूस मात्र सोन्यासारखा आहे.

२. बँकेतली शिल्लकही मुलीलाच. पत्नीच्या थडग्यावरचा दगड कलला आहे, तो आधी सरळ करून घ्यावा. माझ्यासाठी दगड नको.

३. थोरल्या भावाला काही नाही. कारण विचारेल. आईच्या शेवटच्या आजारपणात त्याने तीन पत्रे पाठवली आणि तिन्हींत हवामान लिहिले, असे सांगावे.

४. हत्यारे लिफ्ट कंपनीच्या शिकाऊ वर्गाला द्यावीत. पाने, गेज, विजेरी, सगळे तेल लावून ठेवले आहे. पेटीच्या तळाशी सुतळीला बांधलेली छोटी किल्ली आहे. ती वर्गाला देऊ नये. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

५. आमच्या कामात नियम असा, की जो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरतो तो मुख्य स्विच बंद करून त्यावर स्वतःचे कुलूप लावतो. त्याची किल्ली त्याच्याच खिशात. वर येईपर्यंत ते कुलूप कोणी काढायचे नाही. माझा जोडीदार हा नियम इतका पाळायचा, की सगळे त्याला कुलूपराव म्हणायचे. दिवा बदलायलाही कुलूप लावायचा. कधी किल्ली हरवली तर गोंधळ नको, म्हणून मी गुपचूप त्याच्या कुलपाची दुसरी किल्ली करून घेतली होती. हा आगाऊपणा मला हुशारी वाटला.

एकतीस वर्षांपूर्वी एका दवाखान्यात आम्ही काम करत होतो. दुपारचे दोन वाजले होते. व्यवस्थापक डोक्यावर उभा राहून ओरडत होता. मी खड्ड्यात हाक मारली. उत्तर आले नाही. चहाला गेला असेल असे धरले, त्या दुसऱ्या किल्लीने कुलूप काढले, स्विच चालू केला. तो खालीच होता. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

तिथवर ती चूक होती. लोक त्याला वर काढत असताना मी ते कुलूप त्याच्या पिशवीत टाकले. ते पाप. चौकशीत कुलूप पिशवीत सापडले आणि तो दवाखान्याच्या खाटेवरून स्वतःच म्हणाला, "मीच लावायला विसरलो असणार. दुसरं काय?"

तेव्हापासून तो त्या विसरण्याचा पश्चात्ताप करतो आहे. त्यातूनच तो प्रभूवरच्या विश्वासात आला. दर वर्षी चर्चमध्ये उभा राहून साक्ष देतो: माझ्या शिस्तीचा मला गर्व होता, देवाने तो मोडला, आणि कुबडीवरच्या माणसाला फुकट तारण दिले. लोकांचे डोळे भरून येतात. त्याला खांद्याचा आधार देऊन पायऱ्या चढवणारा मी असतो. "जोडीदार असावा तर असा," म्हणतात. त्या प्रत्येक रविवारी जमीन दुभंगली असती तर बरे झाले असते.

चर्चच्या पाळकसाहेबांना मी आडून विचारले होते. म्हणाले, "चांगल्या कामांनी कोणी तरत नाही हो. विश्वासाने तरतो. पण पश्चात्ताप म्हणजे मागे वळणं. ज्याचं बिघडवलं, त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं."

मी म्हणालो, "आणि ऐकून तोच मोडून पडला तर?"

"त्याची काळजी आहे, की आपली?"

मी घरी आलो. क्षमा सगळ्यांसाठी आहे हे मला पाठ आहे. ती माझ्यासाठी आहे यावर मन बसत नाही. एकतीस वर्षे प्रार्थना केली. छताला आपटून परत आली.

६. पेटीतली ती दुसरी किल्ली आणि कलम पाच माझ्या जोडीदाराला. मला पुरल्यावर, पाळकसाहेबांच्या समोर, मुलीने ते सावकाश वाचून दाखवावे. बेटी, तुझ्यावर हे टाकतो आहे, मला माफ कर. मेल्यानंतर दिलेली कबुली हा पश्चात्ताप नव्हे, हे मला कळते. तेव्हा मला त्याचा चेहरा बघावा लागणार नाही, एवढ्याचसाठी हा मार्ग आहे.

७. हे लिहीत असतानाच माझा जोडीदार आला. धापा टाकत खुर्चीत बसला. "काय लिहितोस रे?"

"मृत्युपत्र."

"मला काही ठेवू नकोस हं. मला सगळं मिळालंय." मग डोळे मिटून त्याने माझा हात धरला. "देवा, याच्या मनात काय सलतंय ते तुला ठाऊक. याला मोकळं कर." डोळे उघडून तो माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. घाई नव्हती त्याला.

मी विचारले, "चहा घेणार?"

सही: (स्वहस्ते)

साक्षीदार, मजकूर न वाचता, सही माझीच असल्याबद्दल:
१. डॉक्टर, तळमजला
२. शिंपीणबाई, शेजारच्या

स्थळ: राहत्या घरची पुढची खोली
दिनांक: आजचाच, तो जिना उतरून गेल्यावर