हिला काय करून घालू

४ मार्च
नगरहून दुपारी परतलो. हिचा तिसरा कीमो झाला. निघताना सिस्टरनी मला बाजूला घेतलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्यात, खाण्यातून जरा काही बाधलं तरी जिवावर बेतेल. कच्चं नको, शिळं नको, घरी विरजलेलं दही तर मुळीच नको. ताप शंभरावर गेला की तसंच घेऊन यायचं.
हिला यातलं सांगितलं नाही. आधीच अर्धी झालीय.
पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नव्हतं. उघडून बघितलं नि शिकलो. भात उघडून काय बघायचं?

५ मार्च
घरी काय करायचं नि विकत काय आणायचं, सकाळपासून तोच घोर. जन्मभर घरचं ते सोनं मानलं. आज हिच्याच लोणच्याच्या बरणीला हात लावायला भ्यालो. फळीवर उंच नेऊन ठेवली.
शेवटी ठरवलं. गॅसवरून थेट ताटात येतं ते घरी. भाकरी, भात, मुगाचं वरण. मुरवायचं, आंबवायचं ते बंद. दही डेअरीच्या पाकिटातलं. ते चालेल म्हणाल्या सिस्टर.
भाकरी थापली. ही पडल्या पडल्या म्हणते, "आवो, भाकर हाय का तालुक्याचा नकाशा?" हसली तरी. खाल्ले दोनच घास.

७ मार्च
शेजारच्या कमलवहिनी घरच्या दह्याचं भांडं घेऊन आल्या. ही झोपली होती. मी पाकीट दाखवलं तर म्हणाल्या, "भावजी, आमच्या दारात गाय असताना पिशवीतलं दही? त्यानंच मानूस आजारी पडंल."
मायेनं आणलेलं दारातून परत कसं लावायचं? घेतलं. दही परसात ओतलं. भांडं रिकामं देऊ नये म्हणून चिमूटभर साखर घालून दिलं. कसं लागलं विचारलं, तर म्हणालो, लई आवडलं तिला.

९ मार्च
रोज भांडं येतंय. रोज ओततोय, रोज खोटं बोलतोय.
हिला सगळं मातीसारखं लागतं. हाताला हाडंच लागतात. सकाळचं वरण उरलं ते टाकलं. अन्न टाकणं जिवावर येतं, पण ठेवायची त्याहून भीती.

११ मार्च
डेअरीत गेलो होतो. परत आलो तर वहिनी खाटेशी बसलेल्या, आणि ही वाटी निपटून खातेय. दहीभात. पाकीट माझ्या हातातच राहिलं.
"आज कुटं तोंडाला चव आली," ही म्हणाली.
वहिनी खूश. रोज एवढं आवडतं म्हणता, तर म्हटलं आज आपल्या हातानंच भरवावं.
मी हसल्यासारखं केलं. परसात जाऊन सिस्टरना फोन केला. ताप मोजत राहा म्हणाल्या.
किती दिवसांनी पोटभर जेवली. आणि मी देवाजवळ मागतोय की ते पोटात...

१२ मार्च
ताप नाही. तरी सारखं कपाळ चाचपतोय. ही वैतागली.
वहिनींना सगळं सांगितलं. ओट्यावर मटकन बसल्या. "पहिल्या दिशीच बोलला आसता तर, भावजी?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ मार्च
सकाळपासून हिला थंडी वाजतेय. नव्याण्णव, वर थोडं. सिस्टर म्हणाल्या, पुन्हा मोजा, शंभराकडं सरकला तर निघाच. जीप बोलावली, दारात उभी आहे. वहिनी पायरीवर बसल्यात. आत या म्हटलं, येत नाहीत.
हिला आता सांगितलं. पेशींचं, दह्याचं, सगळं. हिनं पायरीकडं बघितलं.
"तिला कायबी बोलू नका," म्हणाली. "मी मागून खाल्लं."
मग म्हणते, निघायचं तर निघू, पण तुमच्या पोटात काय हाय सकाळपासून? भात टाका.
टाकलाय. झाकण उडतंय. थर्मामीटर हिच्या जिभेखाली आहे, बोलता येत नाही, तरी हातानं खूण करतेय, गॅस बारीक करा.