निम्मे पुरे

प्रिय अप्पा,

सकाळी तुम्हाला नीट वाचता येतं, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून हे चहाच्या बशीखाली ठेवतोय. चुका दिसल्या तर नेहमीसारखी खूण करा. विधानभवनात शिपाई होतात तेव्हा ठरावांच्या जुन्या प्रती आणून त्यांच्यावरून माझं शुद्धलेखन करून घ्यायचात. दहावीला गणितात गेलो, पण ‘अनुसमर्थन’ हा शब्द अजून चुकत नाही.

जेवताना तुम्ही सांगायचात, राज्यांच्या अधिकारांना हात लावणारी घटनादुरुस्ती असली की संसदेनंतर ती राज्यांकडे अनुसमर्थनाला, म्हणजे संमतीला येते. निम्म्या विधिमंडळांनी ठराव केला की पुरे, उरलेल्यांसाठी थांबत नाहीत. मोजायचे फक्त होकार. विरोध करणारं राज्य आणि गप्प बसलेलं राज्य मोजणीत सारखंच. टीव्ही कुठे ठेवायचा इथपासून अक्षताताईच्या लग्नापर्यंत आम्हा चौघा भावंडांपुढे तुम्ही असेच ठराव मांडलेत. आई म्हणायची, शिपायाच्या घरात दिल्ली उतरलीय.

गेल्या महिन्यात गॅस उघडा राहिला, मग तुम्ही घर शोधत भांडुपला सापडलात. मी झेरॉक्सच्या दुकानातून दिवसातून तीनदा मुलुंडच्या खोलीवर धावत येतो, तरी पुरा पडत नाही. त्या रविवारी राजेशदादाने आम्हाला बोरिवलीला बोलावलं. समोर कर्जतच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म होता. तो आणि अक्षताताई हो म्हणाले. प्रांजलताई नाही म्हणाली आणि ताटावरून उठली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पेल्याखालचं पाणी रुमालाने पुसत राहिलो. पुसून झालं तरी पुसत राहिलो. शेवटी दादाच म्हणाला, “अप्पांचाच नियम आहे ना? चारातले दोन. निम्मे पुरे.” मला पुन्हा कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

घरी आलो तर तुम्ही दारातच विचारलंत, “तू नाही म्हणालास ना रे?” मी होकारार्थी मान हलवली. तेव्हापासून जेवलात की नाही हे विसरता, पण हे विसरत नाही. शेजारच्या नंदूला रोज सांगता, हरलो, पण माझ्या बाजूने दोघं होती, प्रांजल आणि हा.

अप्पा, एकटी प्रांजलताई होती. मी नाही म्हणालो असतो तरी निकाल बदलला नसता, हे मी किती वेळा मांडून पाहिलं. आज नऊला दादा गाडी घेऊन येईल. चष्मा बॅगेच्या डाव्या कप्प्यात आहे, गोळ्यांवर वेळा लिहिल्यात. निघताना तुम्ही मला जवळ घ्याल, आणि हे लपवून ते मला सोसणार नाही, म्हणून आधी लिहिलं. दुपारपर्यंत तुम्ही हे विसराल, हेही मला माहीत आहे. तरी दादा यायच्या आत एकदा वाचा.

तुमचाच,
देवेश