बुणग्यांचा फासा

प्रिय उन्मेष,

आधी खाली बस. उभा असलास की तू अर्धंच वाचतोस आणि उरलेलं मनाने जोडतोस. खेळाचे नियमसुद्धा तू असेच वाचलेस, म्हणून तर सुरुवातीची काही वर्षं आपण तोफांचा पल्ला चुकीचा मोजत होतो आणि हितेंद्र बिचारा विनाकारण मरत होता.

आणि लगेच फोन करू नकोस. आठवडाभर मी तुझे फोन घेतले नाहीत, ते मनूची परीक्षा आहे म्हणून नाही की ऑफिसात काम आहे म्हणून नाही. हितेंद्रला मी ‘जरा बरं नाहीये’ म्हणाले, ते खोटं होतं. माझी तब्येत उत्तम आहे. मी चिडले आहे. तुला हे कळलं नसणार, कारण मी चिडले की गप्प बसून घोडे रंगवते आणि तुम्हाला वाटतं, वा, प्रितीचा मूड चांगला लागलाय.

गेल्या रविवारी तुझ्या गिरगावच्या घरी आपण दरवर्षीसारखं पानिपत मांडलं. संक्रांतीच्या अलीकडचा रविवार, जेवणाच्या टेबलावर प्लायवूडचा तक्ता, त्यावर हिंदमातेच्या दुकानातून मी निवडून आणलेलं मातकट कापड, काथ्याची शेतं, आणि अंगठ्याच्या पेराएवढी माणसं. मराठे तुझे, अब्दाली हितेंद्रचा, चहा नीलचा, रंग माझे. दरवर्षी तू हरतोस. शेवटी भाऊच्या घोड्याभोवती चारच स्वार उरतात. मग नील वडीचा डबा पुढे करतो, ‘चला, गोड बोला आता,’ आणि सगळे हसतात. मला ते हरणं आवडायचं, उन्मेष. निकाल ठाऊक असूनही तू दर वेळी नव्याने सैन्य मांडायचास. कॉलेजात तुझ्याशी मैत्री झाली तीही यामुळेच. आठवतं, तेव्हा मराठे मिळायचेच नाहीत? नेपोलियनच्या सैनिकांच्या टोप्या तासून त्यांना मी एम-सीलच्या पगड्या घातल्या होत्या. तू ते पहिले बारा स्वार हातात घेऊन म्हणाला होतास, ‘प्रिती, हे खरे वाटतात गं.’ त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं रंगवत आले. डोळ्यांना जाड चष्मा लागला, तरी.

यंदा मी बुणगे आणले.

तुला माहीत आहे, आपल्या खेळात बुणगे म्हणजे पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. त्यावर तुझ्या अक्षरात: ‘बुणगे. चाल अर्धी.’ फौजेबरोबर चालणारी, न लढणारी हजारो माणसं. पाणी वाहणारी, दाणावैरण आणणारी, घोड्यांना नाल ठोकणारी, भाकऱ्या थापणारी, देवदर्शनाच्या ओढीने सोबत आलेली, बायका, पोरं. सगळी मिळून एक पुठ्ठा, आणि त्याचं काम एकच, तुझ्या सैन्याच्या पायात येणं. मला दरवर्षी तो पुठ्ठा बघून कसंतरी व्हायचं. म्हणून वर्षभर मी गुपचूप त्यांना रंगवत होते. पखाल घेतलेला भिस्ती. भाता फुंकणारा लोहार. पोर पाठीशी बांधलेली बाई. काखेत दप्तर मारलेला एक कारकून, त्याच्या नाकावर तुझ्यासारखाच चष्मा रंगवायचा मोह मी कसाबसा आवरला. त्यांचे कपडे मी मुद्दाम विटके केले. नवा रंग विटका दाखवणं किती कठीण असतं, ते तुला कळणार नाही. तू आयुष्यात एकदाच ब्रश हातात धरलायस.

आणि आपली रीत काय आहे? ज्याने रंगवलं, त्याने त्या गटाचा पहिला फासा टाकायचा. ही रीत तूच पाडलीस. नवा रंगवलेला गट पहिल्या दिवशी हमखास पळून जातो, तेव्हा निदान रंगवणाऱ्याच्या हाताने पळू दे, असं म्हणून. माझ्या हाताने तुझे गारदी पळाले, तुझ्या खाशा स्वारांची हुजुरात पळाली, दर वेळी तुम्ही टाळ्या पिटल्यात. म्हणून त्या रविवारी मी बुणगे तक्त्याच्या मध्यावर ठेवले आणि फाशासाठी हात पुढे केला. तेव्हा काय म्हणालास? ‘अगं, बुणगे आहेत ते. त्यांना कसला फासा?’ नील म्हणाला, ‘त्यांना टाकू दे ना, पळायचंच तर आहे.’ हितेंद्र इतका हसला की त्याचा चहा रोहिल्यांवर सांडला. मीही हसले. हसले याचाच मला सगळ्यांत जास्त राग आहे.

मग तुला कल्पना सुचली. यंदा आपण दादरच्या वाचनालयात खेळाचं प्रदर्शन करणार, तर तिथे लोकांना हरलेलं पानिपत कशाला दाखवायचं? भाऊने बुणगे मागेच ठेवले असते तर? तू बुटांचा खोका आणलास आणि माझी माणसं मुठीमुठीने उचलून त्यात टाकलीस. उन्मेष, आपण कुणाचाही सैनिक डोक्याला धरून उचलत नाही. तळाच्या चकतीला धरून उचलतो. हेही तूच शिकवलंस. सैन्य मोकळं झालं, चाल दुप्पट झाली, आणि दुपारच्या जेवणाआधी तू पानिपत जिंकलास. मी विचारलं, घोड्यांना पाणी कोण पाजणार? दाणा कुठून येणार? निदान दर तिसऱ्या डावाला उपासमारीचा फासा तरी ठेव. तू म्हणालास, ‘कॉम्प्लिकेटेड होईल, सोड ना.’ हितेंद्रने व्हिडिओ काढला. मनूने तो रात्री पाहिला आणि म्हणाली, ‘आई, तू कुठेयस यात? हां, हा हात तुझा.’ पडलेला घोडा उभा करणारा हात.

घरी येऊन खोका उघडला तर एका बाईची पळी मोडली होती. खोक्यात शोधलं, पिशवीत शोधलं. पळी म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. शेवटी कापडाच्या घडीत सापडली.

ती बाई कोण आहे, हे मी तुला सांगितलं नव्हतं. हिरवं लुगडं, कासोटा घातलेला, पदर कमरेला खोचलेला. ती माझी आजी आहे, सुंदराबाई. लालबागच्या चाळीतली तिची खाणावळ तू पाहिली नाहीस, आपली ओळख होण्याआधीच आजी गेली. एका खोलीत आमचं घर आणि त्याच खोलीत गिरणीतल्या आमच्या समाजातल्या माणसांच्या पंगती. दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे बसायचे. तिची एक सवय होती, भाकरी वाढताना माणसाच्या तोंडाकडे बघायची. ‘काय रे, आज खाली बघून जेवतोस?’ असं म्हणायची, आणि मग तो माणूस भडाभडा बोलायचा. गिरण्यांवर आता एवढं लिहिलं जातं. भोंगे येतात, संप येतो, पुढारी येतात. आजीसारख्या बायका एखाद्या ओळीत येतात, बहुधा ‘इत्यादी’मध्ये. मी लहान असताना तिला विचारलं होतं, तू गिरणीत होतीस का? ती म्हणाली, ‘नाय गं. पन माझ्याबिगर गिरनी चालली आसती का, त्या मालकाला इचार.’

मी तिला पानिपतावर नेलं, कारण दुसरीकडे कुठे नेणार होते? खरं सांगू, त्या मैदानावर माझं कुणी असेल तर ते कुठे असेल, याचा विचार तू कधी केलायस? ते हत्तीवर नसणार. ते तुझ्या पुठ्ठ्यावर असणार. आणि तुझे पूर्वज? तू घोडदळ हलवताना अशी छाती काढतोस, जसा तुझा खापरपणजोबा भाला घेऊनच जन्मला होता. अरे, तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कारकुनी! तुझे आजोबा कारकून, वडील कारकून, तू विमा कंपनीत. तुझं कुणी त्या फौजेत असलंच तर काखेत दप्तर मारून चालत असेल. म्हणजे तूही बुणगाच, उन्मेष. तुझ्याच मुठीने तू स्वतःला खोक्यात टाकलंस आणि वर विजयाचा पेढा खाल्लास.

हे सगळं मी एखादवेळी गिळलंही असतं. आजवर बरंच गिळलंय. पण परवा तू ग्रुपवर प्रदर्शनाचं पोस्टर टाकलंस. ‘पानिपत: असं झालं असतं तर! सादरकर्ते: उन्मेष, हितेंद्र, नील.’ आणि खाली, चहा आणि वीज पुरवणाऱ्या वाचनालयाच्या आभारांशेजारी, बारीक अक्षरात: ‘रंगकाम साहाय्य: प्रिती.’ साहाय्य! कुणाला साहाय्य केलं मी? तू अर्धा घोडा रंगवत होतास आणि मी उरलेला अर्धा पुरा केला, असं काही झालं होतं का?

नाही, थांब. एकदा झालं होतं. बाबा गेले तेव्हा तू परळला आमच्याकडे यायचास आणि काय बोलावं ते न सुचून माझ्या टेबलाशी बसून घोड्यांना तपकिरी रंग फासायचास. चौदा घोडे, सगळे एकाच रंगाचे, खूरसुद्धा. मी नंतर सगळं सैन्य दोनदा नव्याने रंगवलं, पण ते चौदा तसेच ठेवलेत. तुला हे कधी दिसलं नाही, कारण तू त्यांना कायम राखीव दळात ठेवतोस. मला तोच उन्मेष हवा आहे. म्हणून हे पत्र लिहितेय, नाहीतर फक्त खोका परत पाठवला असता.

आता ऐक. हे तू वाचत असशील तेव्हा दादरच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये तक्ता लागलेला असेल, कापड अंथरलेलं असेल, आणि काल संध्याकाळी हितेंद्रने माझ्याकडून नेलेले बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे तू नुकतेच उघडले असशील. घाबरून पुन्हा पुन्हा उघडू नकोस. चारही डब्यांत बुणगेच आहेत. वर हे पत्र, खाली कापूस घालून नीट ठेवलेत. चकतीला धरून काढ. गारदी, तोफा, हुजुरात, तुझा भाऊ आणि ते चौदा तपकिरी घोडे माझ्या मांडीवर आहेत, आणि मी टॅक्सीने निघाले आहे. दार उघडायच्या आत पोचेन. तोवर तुझ्याकडे जे आहे, ते तक्त्याच्या मधोमध मांड. पळीवालीची पळी मी चिकटवली आहे, तिला पुढे ठेव. सैन्य तिच्याभोवती मी लावीन. आज मराठे माझे आहेत. पोस्टरवरचं बारीक अक्षर पेनाने खोड आणि माझं नाव वर लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. आणि लोक आले की पहिला फासा बुणग्यांचा, माझ्या हाताने. नवा रंगवलेला गट आहे, रीतीप्रमाणे पळेलही. आपण हरूही. पण सगळ्यांना घेऊन हरू, आणि मग नीलला म्हणावं, वड्यांचा डबा काढ.

तुझीच, आणि आजपुरती तुझी सेनापती,
प्रिती